फी शून्य, पण गाईची धार काढावी लागते! डीप स्प्रिंग्ज कॉलेजची गोष्ट

अमेरिकेत एक कॉलेज आहे, जिथे सगळी मुलं मिळून तीसच्या आसपास भरतात. शिकायचे, राहायचे आणि जेवायचे पैसे लागत नाहीत. पण पहाटे उठून गाईची धार काढावी लागते, स्वयंपाकघरात भांडी घासावी लागतात आणि शेतातला लसूणघासही बघावा लागतो. या कॉलेजचं नाव डीप स्प्रिंग्ज.

सुरुवात विजेपासून

एल. एल. नन हे वकील आणि उद्योजक. कोलोरॅडोतली त्यांची सोन्याची खाण इंधनाच्या खर्चामुळे तोट्यात होती. 1891 मध्ये त्यांनी एम्स इथे पाण्यावर वीज तयार केली आणि एसी करंटने ती काही किलोमीटरवरच्या खाणीपर्यंत नेली. तेव्हा हे धाडसच होतं.

वीजकेंद्रं चालवायला माणसं हवी होती. म्हणून नन यांनी तरुणांना कामावर घेतलं आणि कामासोबत शिकवलंही. त्यातूनच कॉलेजची कल्पना पुढे आली. 1917 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका ओसाड खोऱ्यात डीप स्प्रिंग्ज सुरू झालं. 1925 मध्ये नन यांचं निधन झालं.

तीन खांब

अभ्यास, श्रम आणि स्वयंशासन या तीन गोष्टींवर हे कॉलेज उभं आहे. आठवड्याला किमान 20 तास काम करावंच लागतं. नव्या मुलांची निवड, प्राध्यापकांची नेमणूक आणि अभ्यासक्रम यांत विद्यार्थ्यांच्या समित्यांचा मोठा वाटा असतो. विश्वस्त मंडळातही दोन विद्यार्थी असतात आणि त्यांना मताचा अधिकार असतो. दोन वर्षांनी बहुतेक जण पुढच्या शिक्षणासाठी मोठ्या विद्यापीठांत जातात. लेखक विल्यम व्होलमन इथेच शिकले.

मुलींचं काय?

जवळपास शंभर वर्षं इथे फक्त मुलांनाच प्रवेश होता. नन यांच्या 1923 च्या ट्रस्टच्या कागदात 'होतकरू तरुण पुरुष' असे शब्द होते. 2011 मध्ये विश्वस्तांनी मुलींना प्रवेश द्यायचं ठरवलं, पण दोन विश्वस्त विरोधात गेले आणि प्रकरण कोर्टात पोहोचलं.

प्रश्न साधा होता. संस्थापकाचा शब्द पाळायचा की त्याचा हेतू?

समाजाचं नेतृत्व करणारी माणसं घडवणं हा कॉलेजचा मूळ हेतू होता. काळ बदललाय, आता मुलींना बाहेर ठेवलं तर तोच हेतू मारला जाईल, अशी बाजू कॉलेजने मांडली. कोर्टाला ती पटली. 2017 मध्ये अपील कोर्टानेही तोच निकाल कायम ठेवला आणि राज्याच्या सुप्रीम कोर्टाने प्रकरणात हात घातला नाही.

2018 मध्ये मुलींची पहिली तुकडी खोऱ्यात पोहोचली. फी आजही शून्यच आहे आणि धारा काढायची पाळी आता मुलींवरही येते.