आमठाण्याचं पाणी म्हापशाला

म्हापशाच्या नळाला येणारं पाणी अस्नोड्याच्या जलशुद्धीकरण प्रकल्पातलं. अस्नोड्याला ते येतं गोव्याच्या सीमेपलीकडून, महाराष्ट्रातल्या दोडामार्गच्या तिळारी धरणाच्या कालव्यानं. कालवा फुटला किंवा दुरुस्तीसाठी बंद ठेवला की आमच्या डिचोली तालुक्यातल्या आमठाणे धरणावर भिस्त. तिथलं पाणी नदीत सोडायचं आणि खाली अस्नोड्याला उपसून घ्यायचं. एका शहराची तहान अशी शेजारच्या तालुक्यावर आणि शेजारच्या राज्यावर टेकलेली आहे.

शेजाऱ्यांनी मिळून पाणी सांभाळण्याची रीत इथं पोर्तुगीजांच्याही आधीची. मांडवीकाठच्या खाजन, म्हणजे खाऱ्या पाण्यालगतच्या सखल शेतीचे चिखलमातीचे बांध गावकरीनं, म्हणजे गावाच्या सामुदायिक संस्थेनं राखले. बांधात मानस, म्हणजे लाकडी झडपांचं दार. भरतीचा रेटा आला की झडप आपसूक मिटते, ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून नदीत उतरतं. बांधाला भगदाड पडलं तर खारं पाणी गावाची शीव विचारत नाही. शेजारच्या गावाचं भातही जातं, म्हणून शेजारचे हातही बांधावर लागतात.

पोर्तुगीज अमलात डिचोली हा एक कोन्सेल्य, आजच्या तालुक्यासारखा. शहर आणि खेडी एकाच म्युनिसिपल कामरेच्या कारभारात. मुक्तीनंतर 1962 मध्ये पंचायती आल्या, 1968 मध्ये नगरपालिकांचा कायदा झाला. खेड्यांना आपला आवाज मिळाला, तो मिळायलाच हवा होता. पण शहरानं आणि खेड्यांनी एकत्र बसायची जागा मोडली.

तिळारीचा करार 1990 चा, महाराष्ट्र आणि गोवा सरकारांमधला. त्याचं नियंत्रण मंडळही दोन राज्यांचं. नळाचं पाणी गोव्यात सरकारी खातं देतं, पालिका नव्हे. नळ कोरडा पडला की लोक मात्र आधी नगरसेवकाला आणि पंचालाच गाठतात.

74 व्या घटनादुरुस्तीनं जिल्हा नियोजन समिती दिली. पंचायती आणि पालिका यांच्यातलं पाणीवाटप हा विषय घटनेनंच तिच्या कामात घातला आहे. अस्नोड्याचं पाणी उत्तर गोव्याच्या या समितीपुढे दर उन्हाळ्याआधी यायलाच हवं. डिचोली आणि म्हापसा पालिका, कालव्यावरच्या पंचायती समोरासमोर बसाव्यात, आणि दोडामार्गच्या नगरपंचायतीलाही बोलावणं जावं. कालवा किती दिवस बंद राहणार आणि आमठाण्यात पाणी किती आहे, हे त्या बैठकीत सगळ्यांना आधी कळलं पाहिजे.