दर्जा व भूमिका

समाजात माणसाचे जे स्थान असते आणि त्या स्थानाबरोबर जे हक्क व जी कर्तव्ये येतात, त्याला समाजशास्त्रात दर्जा म्हणतात. त्या स्थानावरील माणसाकडून लोक ज्या वागणुकीची अपेक्षा धरतात, ती त्याची भूमिका. रोजच्या बोलण्यात ‘दर्जा’ म्हटले की प्रतिष्ठा किंवा प्रत डोळ्यांसमोर येते. शास्त्रातला अर्थ त्याहून मोकळा आहे : सरपंच हा दर्जा आहे, तसेच भाडेकरू, सून, रुग्ण, कैदी हेही दर्जेच आहेत. एकाच माणसाच्या वाट्याला असे अनेक दर्जे एका वेळी येतात.

अमेरिकन मानवशास्त्रज्ञ राल्फ लिंटन याने ‘द स्टडी ऑफ मॅन’ (१९३६) या ग्रंथात ही जोडी नेमकेपणाने मांडली. दर्जा म्हणजे हक्क-कर्तव्यांचा संच आणि तो संच प्रत्यक्ष वागण्यात उतरला की भूमिका, अशी त्याची व्याख्या आहे. त्याआधी हेन्री मेनने ‘एन्शंट लॉ’मध्ये (१८६१) प्रगत समाजांची वाटचाल दर्जाकडून कराराकडे झाली असे म्हटले होते. पैसा आणि मान या दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्या लागतात, हे माक्स वेबरने दाखवून दिले.

जन्माने मिळतो तो अर्पित दर्जा (जात, लिंग, घराणे). स्वतःच्या कष्टाने वा निवडीने मिळतो तो अर्जित दर्जा (शिक्षण, व्यवसाय, पद). ही विभागणीही लिंटनचीच. महाराष्ट्रातील वतनसंस्था हे अर्पित दर्जाचे ठळक उदाहरण. पाटीलकी, कुलकर्णीपण ही गावकारभाराची कामे; पण ती बापाकडून मुलाकडे जात. महार वतनही असेच वंशपरंपरेने चाले, मात्र त्यात मानापेक्षा राबणूक अधिक होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात त्याविरुद्ध विधेयक मांडले. वतने पुढे कायद्याने गेली, आडनावे राहिली. ज्याच्या घरात कित्येक पिढ्यांत कोणी गावचे दप्तर उघडलेले नाही, तोही कुलकर्णीच असतो.

मराठी बोलताना दर्जा ठरवल्याशिवाय साधे वाक्यही पुरे होत नाही. समोरच्याला ‘ये’ म्हणायचे, ‘या’ म्हणायचे की ‘यावे’, याचा निर्णय तोंड उघडण्याआधी घ्यावा लागतो. वयाने मोठ्या माणसालाही केवळ जातीमुळे ‘अरे-तुरे’ करण्याची रीत खेड्यांतून दीर्घकाळ होती. दर्जाची मोजदाद व्याकरणात किती खोल शिरते, ते समजून घ्यायला याहून जवळचा पुरावा नाही.

भूमिका माणूस हळूहळू शिकतो. भातुकलीत आई झालेली मुलगी बाहुलीवर ओरडते, ते घरातल्या आईच्याच सुरात. जॉर्ज हर्बर्ट मीडच्या मते दुसऱ्याची भूमिका अशी घेऊन पाहण्यातूनच मुलाचा ‘स्व’ घडतो. एका दर्जाभोवतीही अनेक भूमिका असतात. शिक्षिकेला विद्यार्थी, पालक, मुख्याध्यापक आणि सहशिक्षक या प्रत्येकाशी वेगळे वागावे लागते. रॉबर्ट मर्टनने १९५७ मध्ये याला भूमिका-संच म्हटले. दोन दर्जांच्या अपेक्षा एकमेकींना आडव्या आल्या की भूमिका-संघर्ष होतो. आईच्याच वर्गात बसलेल्या मुलीला घरून निघतानाच बजावलेले असते : शाळेत ‘आई’ नाही, ‘बाई’ म्हणायचे. मधल्या सुट्टीत गुडघा फुटला की तिच्या तोंडून ‘आई’च निघते आणि बाईंना क्षणभर काय करावे ते कळत नाही.

माणसाच्या अनेक दर्जांपैकी कोणता खरा धरायचा हे त्याच्या हाती नसते, ही या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. पाठ्यपुस्तके ती घाईने उरकतात. एव्हरेट ह्यूज याने १९४५ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीय डॉक्टरचे उदाहरण घेऊन हा पेच दाखवला. गोऱ्या रुग्णाने त्याच्याशी डॉक्टर म्हणून वागायचे की कृष्णवर्णीय म्हणून? इतर सगळ्यांना झाकून टाकणाऱ्या अशा दर्जाला प्रधान दर्जा म्हणतात.

आपल्याकडे हाच पेच १९१७ मध्ये बडोद्यात घडला. कोलंबिया विद्यापीठ आणि लंडन येथे शिकून आलेले आंबेडकर करारानुसार बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले. अर्जित दर्जाच्या दृष्टीने त्यांच्या तोडीचे लोक त्या शहरात थोडेच असतील. पण अस्पृश्य मानलेल्या जातीमुळे त्यांना राहायला जागा मिळेना. अखेर ते पारशी नाव सांगून एका पारशी विश्रामगृहात राहिले. तिथे विजेचा दिवाही नव्हता. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिन्यावर आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याची ताकीद देऊन गेले. आंबेडकरांनी आसऱ्यासाठी दोन मित्रांना विचारून पाहिले. हिंदू मित्र म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्राचे घराणे मूळचे ब्राह्मण. पत्नीला विचारावे लागेल, असे त्याने सांगितले. मुंबईची गाडी रात्री होती, तोवरचे सुमारे पाच तास त्यांनी कमाठी बागेत काढले. हा प्रसंग त्यांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात नोंदवला आहे.

दोन्ही मित्रांना त्यांची विद्वत्ता ठाऊक होती. नोकर काय म्हणतील, घरात काय म्हणतील, या धाकापुढे ती टिकली नाही. दर्जा माणसाच्या अंगी नसतो, तो इतरांच्या वागण्यात असतो, हे या एका दुपारीतून जितके कळते तितके व्याख्येतून कळत नाही. म्हणून समाजशास्त्राच्या नव्या विद्यार्थ्याने लिंटनच्या जोडीला हे छोटे लेखन अवश्य वाचावे.

कमाठी बाग आज सयाजीबाग म्हणून ओळखली जाते. आंबेडकर त्या दिवशी जिथे बसले होते, त्या जागेला संकल्पभूमी म्हणतात.