मुलांच्या हातचा कॅमेरा

आठ-दहा वर्षांच्या मुलाला हलती चित्रे टिपणारा स्वस्तातला कॅमेरा घ्यायचा असला, म्हणजे आईबाप दुकानदाराला पहिला प्रश्न विचारतात तो चित्र किती स्वच्छ येते याचा. प्रश्न रास्त आहे. पण तो मोठ्यांचा आहे. खास मुलांसाठी म्हणून निघालेल्या दोन कॅमेऱ्यांचा इतिहास पाहिला, तर मुलाची गरज काही निराळीच असते असे दिसून येते.

पहिला कॅमेरा अमेरिकेतला, स्थिर चित्रांचा. जॉर्ज ईस्टमन यांनी १८८८ साली सामान्य माणसासाठी म्हणून कोडॅक कॅमेरा काढला, त्याची किंमत २५ डॉलर होती. शंभर चित्रे घेऊन झाली की अख्खा कॅमेराच कारखान्याकडे धाडावा लागे. हे काही पोराच्या हाती देण्याजोगे प्रकरण नव्हते. १९०० साली त्याच कंपनीने ‘ब्राउनी’ आणला. फ्रँक ब्राउनेल यांनी रचलेला हा पुठ्ठ्याचा साधा खोका. किंमत १ डॉलर, आणि सहा चित्रांच्या फिल्मला १५ सेंट. नाव घेतले ते पामर कॉक्स यांच्या चित्रकथांतल्या बुटक्या, खोडकर मंडळींचे; मुलांना ती चांगली ठाऊक होती. कंपनीचा डोळा फिल्मच्या खपावर होता, हे उघडच आहे. व्यापारी धर्मादाय करीत नसतो. पण त्या हिशेबात मुलांचाही लाभ झाला. चित्र बिघडले तरी फार मोठे नुकसान नव्हते, आणि कळ दाबायला वडीलधाऱ्यांची मदत लागत नव्हती. १९१६ साली चौदा वर्षांचा एक मुलगा आईवडिलांनी दिलेला असा ब्राउनी घेऊन योसेमिटीच्या दरीत हिंडला. पुढे निसर्गाचे थोर छायाचित्रकार म्हणून जगाने ओळखले ते अॅन्सेल अॅडम्स हेच.

हलत्या चित्रांची गोष्ट मात्र अवघड होती. १९८०नंतरच्या दशकात घरगुती व्हिडिओ कॅमेरे आले खरे, पण ते हजार-हजार डॉलरांचे. अशा वेळी, १९८७ साली, फिशर-प्राइस या खेळण्यांच्या कंपनीने ‘पीएक्सएल-२०००’ बाजारात आणला. जेम्स विकस्टेड यांनी शोधलेली त्याची युक्ती मोठी मौजेची होती. महागड्या व्हिडिओ फितीऐवजी त्यात गाण्यांची साधी कॅसेट बसे. आवाजासाठी केलेल्या फितीवर चित्राचा भार कसा मावावा? म्हणून फीत नेहमीच्या सुमारे नऊपट वेगाने पळवली, रंग गाळले, आणि चित्र बारीक ठिपक्यांऐवजी मोजक्या ढोबळ ठिपक्यांवर भागवले. नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर जेमतेम दहा-अकरा मिनिटे मावत. पडद्यावर काळ्या चौकटीत एक धूसर, करडे चित्र थरथरत असे.

खेळणे म्हणून तो महाग, कॅमेरा म्हणून अधू. दोन्ही गिऱ्हाइके हुकली आणि थोड्याच काळात त्याचे उत्पादन थांबले. व्यापाराचा इतिहास इथे संपतो. कॅमेऱ्याचा संपत नाही. १९८८च्या नाताळात चित्रपटकार जेम्स बेनिंग यांनी आपले पंधरा वर्षांचे अपत्य सेडी यांना हाच कॅमेरा दिला. भेट पाहून सेडी यांचा हिरमोडच झाला. हवा होता मोठ्यांचा कॅमेरा. पण याचे भिंग अगदी चार बोटांवरची वस्तूही स्पष्ट दाखवी. मिलवॉकीतल्या आपल्या खोलीचे दार लावून सेडी यांनी स्वतःचा चेहरा, खेळणी, कागदावर लिहिलेली वाक्ये टिपली. बाहेर कोणापाशी बोलता येत नव्हते ते या खोक्यापाशी बोलून घेतले. १९९३ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या प्रसिद्ध प्रदर्शनात त्या चित्रफितींना स्थान मिळाले.

एक उणीव मात्र विसरता येत नाही. त्या कॅसेटवरचे चित्र त्याच कॅमेऱ्यातून पाहावे लागे. वेळीच दुसऱ्या फितीवर उतरवून न घेतलेली कितीतरी घरांतली बालपणे कॅमेरा मोडताच मुकी झाली असतील.

तेव्हा आज खरेदीला निघालेल्या पालकांनी तीन गोष्टी पाहाव्यात. कॅमेरा मुलाला एकट्याला चालवता येतो का? पडला, भिजला, तरी आपल्याला रागावावे लागणार नाही, इतका तो मजबूत आणि माफक किमतीचा आहे का? आणि त्यातले चित्र घरातल्या दुसऱ्या यंत्रावर सहज उतरवून ठेवता येते का? एवढे जमले की चित्राच्या स्वच्छतेचा विचार खुशाल करावा. फक्त मुलाने काय टिपले ते पाहायला, बोलावल्याखेरीज जाऊ नये.