गोदामातील रोबोंचे कामवाटप : सर्वांत जवळचा रोबो नेहमीच योग्य का नसतो?

श्रीपेरुंबुदूर (चेन्नई) : रामानुजाचार्यांचे जन्मस्थान असलेले तमिळनाडूतील श्रीपेरुंबुदूर आज मोटारी व मोबाइलचे कारखाने आणि ओरगडमपर्यंत पसरलेल्या मोठ्या गोदामांसाठी परिचित आहे. मुंबई, पुणे, बंगळुरू व चेन्नई यांना जोडणारा राष्ट्रीय महामार्ग 48 येथून जातो. ऑनलाइन खरेदीचा माल साठवणाऱ्या अशा गोदामांमध्ये फिरते रोबो येऊ लागल्यापासून एक जुना गणिती प्रश्न नव्याने महत्त्वाचा ठरला आहे : कोणते काम कोणत्या रोबोला द्यावे?

रोबो काय करतात?

पारंपरिक गोदामात कामगार मांडणींमधून फिरून ऑर्डरप्रमाणे वस्तू वेचतो. त्याचा बराचसा वेळ चालण्यातच जातो. फिरते रोबो हा क्रम उलटा करतात. ते मांडणीखाली शिरून ती उचलतात आणि एका जागी उभ्या असलेल्या कामगारापुढे आणतात. अमेरिकेत 2003 मध्ये स्थापन झालेल्या किवा सिस्टिम्सने ही पद्धत रूढ केली. अॅमेझॉनने 2012 मध्ये ती कंपनी 77.5 कोटी डॉलरला विकत घेतली. भारतात 2011 मध्ये स्थापन झालेल्या ग्रेऑरेंजने असे रोबो तयार केले. फ्लिपकार्टने 2019 मध्ये बंगळुरू येथे पार्सलांच्या वर्गवारीसाठी शंभराहून अधिक रोबो वापरात आणले, तर पुणेस्थित अनबॉक्स रोबोटिक्सही याच क्षेत्रात कार्यरत आहे.

कामवाटपाचे गणित

प्रत्येक काम सर्वांत जवळच्या रोबोला द्यावे, असे सकृद्दर्शनी वाटते. समजा, ‘अ’ हा रोबो पहिल्या मांडणीपासून 10 मीटर व दुसरीपासून 15 मीटर अंतरावर आहे. ‘ब’साठी हीच अंतरे अनुक्रमे 12 व 40 मीटर आहेत. पहिली मांडणी जवळच्या ‘अ’ला दिल्यास ‘ब’ला दुसरीकडे जावे लागते आणि एकूण अंतर 50 मीटर होते. वाटप उलट केल्यास ते अवघे 27 मीटर भरते. म्हणजेच एकेका कामाचा सुटा विचार न करता सर्व कामांचा एकत्रित विचार करावा लागतो.

मात्र दहा रोबो व दहा कामे असली, तरी वाटपाचे 36,28,800 पर्याय संभवतात. हे सर्व न तपासता सर्वोत्तम वाटप शोधणारी रीत अमेरिकी गणितज्ञ हॅरोल्ड कून यांनी 1955 मध्ये मांडली. कोनिग व एगेर्वारी या हंगेरियन गणितज्ञांच्या कार्यावर ती आधारलेली असल्याने त्यांनी तिला ‘हंगेरियन पद्धत’ असे नाव दिले.

प्रत्यक्षातील अडचणी

गोदामात केवळ अंतर मोजून भागत नाही. नव्या ऑर्डर सतत येत असतात, बॅटरी उतरते, अरुंद वाटांवर रोबोंची कोंडी होते आणि काही पार्सले ठरलेल्या वाहनाच्या सुटण्यापूर्वी तयार असावी लागतात. एकाच मांडणीतून अनेक ऑर्डर पूर्ण होत असतील, तर दूरची मांडणीही लाभदायक ठरते. त्यामुळे संगणकप्रणाली वाटपाचा सातत्याने फेरविचार करते. परिपूर्ण उत्तराला उशीर लागणार असेल, तर वेळेत मिळालेले पुरेसे चांगले उत्तर स्वीकारले जाते.

कामगारांवरील परिणाम

या गणिताची झळ अखेर माणसाला बसते. वाटप चुकल्यास एका ठिकाणी मांडण्यांची रांग लागते, तर दुसऱ्या ठिकाणी कामगार रिकामा राहतो. वाटप अचूक असल्यास त्याचे चालणे वाचते. परंतु दोन मांडण्यांमधील उसंतही नाहीशी होऊन त्याच हालचाली अधिक वेगाने कराव्या लागतात. रोबोला चार्जिंगसाठी दिलेला वेळ प्रणालीत नोंदलेला असतो. कामगाराची विश्रांती व कामाच्या वेगाची मर्यादा हीदेखील अट म्हणून नोंदवली, तरच प्रणाली तिचे पालन करते. ही अट घालायची की नाही, हे गणित ठरवत नाही. तो निर्णय व्यवस्थापनाचा असतो.