मँगनीजच्या खाणी, कामगार आणि संरक्षक साधने : भंडारा जिल्ह्यासंबंधी एक टिपण

खाणकामगार संरक्षक साधने वापरीत नाहीत याचे कारण त्यांची बेफिकिरी व अज्ञान होय, असे विधान औद्योगिक विषयांवरील लेखनात वारंवार आढळते. इतिहासाच्या अभ्यासकाने हे विधान पुरावा म्हणून कितपत स्वीकारावे, हा प्रस्तुत टिपणाचा विषय आहे. विवेचनासाठी भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील मँगनीजच्या खाणी घेतल्या आहेत.

मध्यप्रांतातील हा उद्योग विसाव्या शतकाच्या आरंभी वाढीस लागला. भारतातील मँगनीज-निक्षेपांवरील फर्मोर यांचा ग्रंथ १९०९ साली प्रसिद्ध झाला. १९६२ साली ब्रिटिश कंपनीच्या जागी शासनाच्या भागीदारीतील कंपनी आली. चिखला येथे भूमिगत, तर डोंगरी बुजुर्ग येथे उघड्या खाणीतून खनिज निघते.

उघड्या खाणींत खनिज फोडणे, निवडणे व टोपल्यांनी वाहणे या कामांत स्त्रिया मोठ्या प्रमाणावर असत. डोक्यावर चुंबळ आणि नाकातोंडावर पदर, ही त्यांनी स्वतःच योजिलेली साधने होत. १९६१ च्या धातु-खाण विनियमांच्या चौकटीत शिरस्त्राण व पादत्राण यांचा आग्रह आला खरा. परंतु कडक शिरस्त्राणावर टोपली ठरत नाही. जेथे मजुरी कामाच्या मापावर मिळे, तेथे गती मंदावणारे प्रत्येक साधन मिळकतीत घट करी. तेव्हा ज्याला अनास्था म्हटले जाते, ती पुष्कळदा कामाच्या रचनेतूनच उद्भवलेली असते.

या शब्दाला कायद्याची बाजूही आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई अधिनियमानुसार, पुरविलेले सुरक्षा-साधन कामगाराने जाणूनबुजून दूर सारल्यामुळे वा त्याची उपेक्षा केल्यामुळे इजा झाली, तर मृत्यूचा प्रसंग वगळता मालकावर भरपाईचे दायित्व येत नसे. १९९५ साली कायमच्या संपूर्ण अपंगत्वाच्या बाबतीतही मालकाचा हा बचाव काढून घेण्यात आला. म्हणजे अपघाताच्या अहवालातील ‘बेफिकिरी’ हे निव्वळ वर्णन नव्हते. जखमी माणसाच्या घरी पैसा येणार की नाही, हे त्यावर अवलंबून राहू शकत होते.

शिवाय सर्वच धोके शिरस्त्राणाने टळणारे नाहीत. मँगनीजच्या धुळीमुळे मज्जासंस्था बिघडून चाल व हालचाली अडखळतात, हे स्कॉटलंडमधील कामगारांवरून जॉन कूपर यांनी १८३७ सालीच नोंदविले होते. येथे खरा उपाय म्हणजे पाणी वापरून छिद्रण करणे व धूळ उगमाशीच दाबणे. आणि तो कामगाराच्या नव्हे, व्यवस्थापनाच्या हाती असतो.

म्हणून अशा नोंदी वाचताना तीन प्रश्न विचारणे अगत्याचे आहे : नोंद कोणी केली, साधन प्रत्यक्ष दिले होते काय, आणि ते वापरून दिवसाची मजुरी पदरात पडत होती काय? या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत कामगाराच्या वृत्तीविषयीचा निर्णय राखून ठेवणेच न्याय्य ठरेल.