गिरणगावातले काम, नवस आणि खेळ

ऑगस्ट २०२२ मध्ये मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधानसभेत जाहीर केले की, दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा मिळेल आणि सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी असलेल्या ५ टक्के आरक्षणाचा लाभ गोविंदांनाही घेता येईल. गोविंदाचा मृत्यू झाल्यास कुटुंबाला १० लाख रुपये देण्याची घोषणाही त्याच वेळची. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले चिडली. वर्षानुवर्षे अभ्यासिकेत बसून जाहिरात निघण्याची वाट पाहणाऱ्यांना राग येणे स्वाभाविकच होते. अशा वेळी देवभोळेपणा, खेळाचे वेड आणि रिकामटेकडेपणा या तिघांना एकाच दमात झोडपण्याची आपल्याकडे रीत आहे. मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास पाहिला, तर ही तिन्ही तिथे शंभर वर्षे एकाच चाळीत राहत आली आहेत.

लालबाग, परळ, वरळी, भायखळा हा तो गिरण्यांचा पट्टा. इथली बेकारी समजून घ्यायची तर 'बदली' हा शब्द समजून घ्यावा लागतो. बदली कामगार रोज पाळीच्या वेळी गिरणीच्या फाटकाशी उभा राही. कायम कामगारांपैकी कोणी आला नसेल तर त्याच्या जागी आत. नाहीतर आल्या पावली परत. महिन्यात किती दिवस भरतील हे त्याला स्वतःला माहीत नसे, मग गावाकडे मनीऑर्डर किती जाणार हे कोण सांगणार? अशी माणसे वर्षानुवर्षे बदलीच राहत. त्यांना नोकरदार म्हणावे की बेकार, हा प्रश्न आजच्या कंत्राटी कामगारांबद्दलही पडतो.

अशा वस्तीतला नवस मोठा व्यवहारी असतो. १९३२ मध्ये लालबागच्या पेरू चाळीतला बाजार बंद झाला. कोळी आणि छोटे विक्रेते उघड्यावर आले. बसायला कायमची जागा मिळावी म्हणून त्यांनी नवस बोलला, जागा मिळाली आणि १९३४ मध्ये गणपती बसला. तोच आजचा लालबागचा राजा. आज दर्शनाच्या रांगेत तासन्‌तास उभे राहणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की मूळ मागणे मासळी विकायच्या जागेचे होते!

खेळाचेही तसेच. विजय मर्चंट हे ठाकरसी घराण्यातले, म्हणजे हिंदुस्थान मिलच्या मालकांपैकी. पण क्रिकेट केवळ मालकांचे राहिले नव्हते. टाइम्स शील्डसारख्या स्पर्धेत कंपन्यांचे संघ उतरत आणि त्या संघांसाठी खेळाडूंना नोकऱ्या मिळत. मफतलालकडून अशोक मांकड खेळत, तर सुनील गावसकर निर्लॉनमध्ये होते. (निर्लॉन कृत्रिम धाग्याची कंपनी; सुती गिरण्यांच्या पोटावर पाय आणणाऱ्यांत हा धागाही होता.) चाळीतल्या मुलाला कबड्डीची चढाई जवळची. पण त्याच्या घरच्यांच्या मनातला हिशेब तोच होता: पोरगा चांगला खेळला तर कुठेतरी चिकटेल. याला वेड म्हणायचे असेल तर म्हणा. मला तो नोकरीचा अर्जच वाटतो.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पगारवाढीइतकाच राग होता तो १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्याचा. त्या कायद्याने राष्ट्रीय मिल मजदूर संघालाच मान्यता होती, आणि कामगारांचा विश्वास होता डॉ. दत्ता सामंतांवर. हा विश्वास आंधळा होता असे नंतर अनेकांनी म्हटले. मला ते अर्धेच पटते; ज्यांच्यासाठी दुसरे दार उघडेच नव्हते, त्यांनी कुठे जायचे होते?

संपाला सतरा महिने झाले असताना, २५ जून १९८३ ला, लॉर्ड्सवर भारताने १८३ धावा करूनही वेस्ट इंडीजला १४० वर गुंडाळले. त्या विजेत्यांना द्यायला क्रिकेट मंडळाकडे पैसे नव्हते. दिल्लीत लता मंगेशकरांचा कार्यक्रम झाला आणि प्रत्येक खेळाडूला १ लाख रुपये मिळाले. ऑक्टोबरमध्ये केंद्राने मुंबईतल्या १३ गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले. तोवर किती तरी कामगार कोकणात, साताऱ्यात परतले होते, तर काही जण मिळतील त्या अटींवर पुन्हा कामावर गेले होते. संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. एक लाखाहून अधिक जणांची नोकरी मात्र कायमची गेली.

जमिनी राहिल्या. १९९० च्या दशकाच्या अखेरीस लोअर परळच्या फिनिक्स मिलमध्ये बोलिंग अ‍ॅली उभी राहिली. परवानगी मागताना ती कामगारांच्या करमणुकीची सोय म्हणून दाखवली होती. कामगारांच्या नावावर जमा झालेला गिरणगावातला हा बहुधा शेवटचा खेळ.

त्याच परिसरातल्या गल्ल्यांत गुरुपौर्णिमेपासून गोविंदा पथकांचा सराव सुरू होतो. रात्री उशिरा, कारण कामावरून सुटणाऱ्यांची वेळ एक नसते. कोणी सुरक्षारक्षक, कोणी घरोघरी पार्सल पोहोचवणारा, कोणी नुसताच घरी. हंडीला आता पुढाऱ्यांची बक्षिसे असतात, लाखांची. मिळालेल्या पैशातून आधी बस, टी-शर्ट आणि जेवणाचा खर्च निघतो. उरलेले मंडळाच्या गणपतीला. खालच्या थरात माणूस कमी पडला, तर शेजारच्या चाळीतून बोलावून आणतात.