नमाजाची वेळ, मशिदीतला खगोलशास्त्रज्ञ आणि एक निसटता "त्यामुळे"

सिनॉप्सिस लिहिताना आपण एक वाक्य अगदी सहज लिहून जातो: "अमुक गरज निर्माण झाली, त्यामुळे तमुक शास्त्राची प्रगती झाली." गरज खरी असते, प्रगतीही खरी असते. घोळ होतो तो मधल्या "त्यामुळे"मध्ये. तो कसा तपासायचा, हे आज १४व्या शतकातल्या दमास्कसच्या एका उदाहरणावरून बघू.

आधी गरज समजून घ्या. इस्लाममध्ये दिवसाच्या पाच नमाजांच्या वेळा सूर्यावरून ठरतात. पहाट फुटल्यापासून सूर्योदयापर्यंत फजर. सूर्य माथ्यावरून कलला की जोहर. सूर्य मावळला की मगरिब आणि संधिप्रकाश संपला की इशा. जोहर आणि मगरिबच्या मधली असर मात्र सावलीवर ठरते. काठीची सावली तिच्या मध्यान्हीच्या सावलीपेक्षा काठीच्या उंचीइतकी वाढली, की असर सुरू. हनफी मतानुसार ती उंचीच्या दुप्पट वाढावी लागते.

आता आकडे घालून बघा. दमास्कसचा अक्षांश साधारण ३३.५ अंश. तिथे एक मीटरची काठी उभी केली, तर २१ मार्चच्या सुमारास मध्यान्हीची सावली ६६ सेंमी पडते, म्हणजे असर १६६ सेंमीला. जूनच्या अखेरीस मध्यान्हीची सावली जेमतेम १८ सेंमी, तर डिसेंबरात १५४ सेंमी. म्हणजे असरची खूण ११८ पासून २५४ सेंमीपर्यंत सरकत राहते. फजर आणि इशा तर त्याहून अवघड, कारण तेव्हा सूर्य क्षितिजाखाली असतो. तिथे काठी उपयोगाची नाही, गोलीय त्रिकोणमिती लागते.

सुरुवातीची काही शतकं अजान देणारे मुअज्जिन पावलांनी सावली मोजून आणि रात्री नक्षत्रं बघून काम भागवत. १३व्या शतकात इजिप्तमध्ये मशिदींशी जोडलेलं एक नवं पद दिसायला लागतं: मुवक्कित, म्हणजे वेळ ठरवणारा. हे काम करणारा गणितात तयार असलेला खगोलशास्त्रज्ञ असे. वक्फच्या उत्पन्नावर चालणाऱ्या मशिदीत अशा माणसाला स्थिर जागा मिळाली. हे किती महत्त्वाचं होतं, ते इस्तंबूलशी तुलना केली की कळतं. तिथे सुलतान तिसरा मुराद याच्या आश्रयानं तकी अल-दीननं उभारलेली वेधशाळा १५७७ मध्ये सुरू झाली आणि १५८० मध्ये सुलतानाच्याच हुकमानं पाडली गेली. दरबाराची मर्जी फिरू शकते. मशिदीला वेळ मात्र रोज लागते.

दमास्कसच्या उमय्यद मशिदीत असाच एक प्रमुख मुवक्कित होता, इब्न अल-शातिर (सुमारे १३०४ ते १३७५). १३७१-७२ मध्ये त्यानं मशिदीच्या मिनारावर सुमारे दोन मीटर लांब आणि एक मीटर रुंद अशी संगमरवरी छायाघडी बसवली. तिचा काटा पृथ्वीच्या अक्षाला समांतर होता. त्याचा सहकारी अल-खलीली यानं नमाजाच्या वेळांची कोष्टकं केली. ती दमास्कसमध्ये १९व्या शतकापर्यंत वापरात होती.

इथपर्यंत "त्यामुळे" चालतो. पण याच इब्न अल-शातिरनं ग्रहगतीची नवी मांडणीही केली. टॉलेमीच्या मांडणीत चंद्राचं अंतर इतकं बदलतं, की काही वेळा तो जवळजवळ दुप्पट मोठा दिसायला हवा. प्रत्यक्षात तसा दिसत नाही. इब्न अल-शातिरनं हा दोष काढला. १९५७ मध्ये व्हिक्टर रॉबर्ट्स यांनी दाखवून दिलं, की त्याची चंद्राची मांडणी आणि कोपर्निकसची मांडणी जवळपास एकच आहे.

मग "नमाजाची गरज होती, त्यामुळे नवा ग्रहसिद्धांत निघाला" असं लिहायचं का? थांबा. पाच वेळा काढायला सूर्याची स्थिती आणि गावाचा अक्षांश पुरतो. शनीचा त्यात काही संबंध नाही. हा प्रश्न दुसरीकडून आला होता. १२५९ मध्ये सुरू झालेल्या मरागाच्या वेधशाळेत नसीर अल-दीन तूसी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी टॉलेमीवरच्या आक्षेपांवर काम केलं होतं. तीसुद्धा दरबाराच्या आश्रयाची संस्था. म्हणजे संशोधनाचा प्रश्न दरबारी वेधशाळेच्या परंपरेतून आला, आणि त्यावर काम करणारा माणूस मशिदीच्या नोकरीत होता. मशिदीनं पद दिलं, सहकारी दिले, रोजच्या गणिताचा सराव दिला. प्रश्न दिला नाही.

कोपर्निकसच्या बाबतीतही हीच काळजी घ्या. दोन मांडण्या सारख्या आहेत हे सिद्ध करणं वेगळं, आणि एक दुसरीपर्यंत कोणत्या हस्तलिखितातून, कोणामार्फत पोचली हे दाखवणं वेगळं. पहिल्यासाठी गणित पुरतं, दुसऱ्यासाठी कागद लागतो.

आता तुमची सिनॉप्सिस उघडा आणि त्यातला प्रत्येक "त्यामुळे" अधोरेखित करा. त्याच्यापुढे दोन रकाने आखा: काम करायला पगार, जागा आणि साधनं कुठून आली, आणि प्रश्न कुठून आला. दोन्ही रकान्यांत एकच उत्तर येत असेल, तर वाक्य ठेवा. वेगळी येत असतील, तर त्या एका वाक्याची दोन वाक्यं करा आणि प्रत्येकासाठी वेगळा पुरावा शोधा. व्हायव्हात परीक्षक बोट ठेवतील, ते नेमकं इथेच.